'का'चा 'मा'

माझ्या पहिल्या कादंबरीची प्रत मी हातात घेतली, नव्या कागदाचा वास घेतला, सुरुवातीचंच एक पान उघडलं आणि वाचलं : 'तो चौमामडे धावत सुटला.'

चौमामडे हे गाव नाही, आडनाव नाही, शिवीसुद्धा नाही. मी चष्मा काढून पुसला. शब्द होता तिथेच होता. दोन पानं पुढे सुरी उन्हात 'चमामत' होती, त्याच्यापुढे आई 'मामुळतीला' आली होती आणि स्वयंपाकघरात कुणीतरी 'मामडी' चिरत होतं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. गेली अकरा वर्षं मी प्रूफं वाचून पोट भरते. दुसऱ्याच्या पुस्तकात एक वेलांटी इकडची तिकडे झाली तर मी छापखाना डोक्यावर घेते. तिथली मुलं मला पाठीमागे 'अनुस्वारबाई' म्हणतात, हेही मला माहीत आहे. आणि आता तीनशे प्रतींचे गठ्ठे माझ्या बाहेरच्या खोलीत येऊन बसले होते, प्रत्येक प्रतीच्या पोटात एक चौमामडे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो इतका काळाकुट्ट असतो, याची कल्पना नव्हती.

ही कादंबरी लिहायला मला सहा वर्षं लागली आणि ती कुणी छापणार नाही हे कळायला दोन. चार प्रकाशकांकडे पाठवली होती. तिघांनी उत्तर दिलं नाही. चौथ्याने चौदा महिन्यांनी दिलं, त्यात माझं नाव चुकवलं होतं. मग म्हटलं, गेलात खड्ड्यात, मीच छापते. पानं मी लावली, मुखपृष्ठ धाकट्या भावाने केलं आणि 'प्रकाशक' या शब्दापुढे पुन्हा लेखिकेचंच नाव टाकलं. एकशे ब्याण्णव पानं, बरोबर बारा फॉर्म. छापखान्यात सोळा पानांचा एक फॉर्म धरतात. शेवटच्या पानावरून एक ओळ जरी खाली सांडली, तरी तेरावा फॉर्म लागतो आणि त्यातली पंधरा पानं कोरी जातात. माझं शेवटचं वाक्य मी त्या शेवटच्या पानाच्या तळाला जीव मुठीत धरून बसवलं होतं.

फाइल छापायला जायच्या आदल्या दिवशी आईने वाचायला मागितली. वाचून झाल्यावर चष्मा घडी करत म्हणाली, "सगळं आहे तसंच लिहिलंयस. पण तो अजून जिवंत आहे गं. त्याला मुलं आहेत. त्यांच्या हातात पडलं तर? काका काढ यातून."

आमचा वह्या-पुस्तकं बांधायचा कारखाना होता. घर वर, कारखाना खाली. कागद कापायचं मशीन काकाचं, म्हणजे घेतलं बाबांनी, पण त्याला हात लावायचा तो फक्त काकाने. सुरीखाली कुणाची बोटं जाऊ नयेत म्हणून पुढे एक लोखंडी जाळी असायची, दोन स्क्रूंनी बसवलेली. शाळा उघडायच्या आधीच्या गर्दीत, एका दुपारी सगळे जेवायला वर आलेले असताना, माझा नऊ वर्षांचा भाऊ, बारक्या, खाली गेला. कापलेल्या कागदाच्या रंगीत पट्ट्या जमवायचा त्याला नाद होता. त्या दिवशी जाळी काढून भिंतीला टेकवलेली होती आणि मशीन चालू होतं. पट्टी ओढायला तो वाकला आणि त्याचा पाय पेडलवर पडला. उजव्या हाताची चार बोटं गेली.

"मी जेवायला उठलो तेव्हा जाळी जागेवर होती," काका म्हणाला. त्याने ते निदान पन्नासदा सांगितलं असेल. कुणीही विश्वास ठेवला नाही, मीसुद्धा. मी चौदा वर्षांची होते आणि मला राग धरायला कुणीतरी हवं होतं. ज्याचं मशीन त्याची जाळी, इतकं ते सोपं होतं. बाबा दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी सख्ख्या भावाला सांगितलं, "तू जा." काका-काकू दुसऱ्या शहरात गेले. जाळीचे ते दोन स्क्रू कधीच सापडले नाहीत. बाबांनी कारखान्याचा केर तीनदा चाळला होता.

कादंबरी हीच. तिच्यात मी काकाला नावसुद्धा दिलं नव्हतं, नुसतं 'काका'. मुलं लाडात आली की 'काकोबा', चिडली की 'काक्या'.

आईचं म्हणणं मला पटलं. पण काकाच्या जागी घालायचं काय? 'शेजारी' घातलं तर अक्षर वाढतं, ओळी सरकतात, तेरावा फॉर्म. 'मालक' घातलं तरी तेच. दोन अक्षरांना दोनच अक्षरं हवी होती, तीही तेवढ्याच रुंदीची. मामा! मी एकटीच मोठ्याने हसले. कारण आमचा मामा म्हणजे देवमाणूस. त्या गर्दीत तो कारखान्यात मदतीला आला होता, आणि त्या दुपारी बारक्याला छातीशी धरून दवाखान्यापर्यंत धावत गेला तो तोच. एकोणीस दिवस तिथून हलला नाही. नंतर बारक्याला डाव्या हाताने लिहायला शिकवायचं म्हणून आधी स्वतः डाव्या हाताने लिहायला शिकला. त्यासाठी त्याने बढतीची बदली नाकारली. त्याच्याबद्दल कुणी हे खरं मानणार नाही, त्यालाही फोन करून सांगू, दोघं पोट धरून हसू, असं मी ठरवलं. कादंबरीत त्याचं पात्र मुळात नव्हतंच, पण अर्पणपत्रिका त्याच्याच नावाने होती : 'मामास, ज्याने माझ्या भावाच्या डाव्या हाताला अक्षर दिलं.'

काका, काकोबा, काक्या एका झटक्यात बदलावेत म्हणून मी नुसतं 'काक' शोधून तिथे 'माम' घालायला सांगितलं. 'काकू'ची आधीच 'मामी' करून घेतली होती, एवढी हुशारी दाखवली. बटण दाबलं. पान एकही सरकलं नाही. मी खूश होऊन फाइल पाठवून दिली, आणि संगणकाने निमूटपणे चौकाकडे, चकाकत, काकुळती आणि काकडी यांच्यातलाही 'काक' उपटून काढला. शेवटचं प्रूफ मी वाचलं नाही. मामाला फोनही राहिला. पहिली प्रत परस्पर त्याच्या घरी पोचवा, असं छापखान्यात आधीच सांगून ठेवलं होतं, ती मात्र वेळेवर पोचली.

बारक्याला फोनवर हे सांगितलं तेव्हा तो इतका हसला की त्याला उचकी लागली. तो आता एकतीस वर्षांचा आहे, पण घरात अजून बारक्याच. "ताई, 'ध'चा 'मा' ऐकला होता, तू 'का'चा 'मा' केलास! आणि मामा खलनायक? त्याला सांगितलंस का?"

"रविवारी सांगते. तू आधी मला शुद्धिपत्र करून दे. चुका शोधून काढ सगळ्या. एक चिठ्ठी छापून प्रत्येक प्रतीत घालू, दुसरा इलाज नाही."

रविवारी सकाळी दहाला दार वाजलं. मला वाटलं बारक्या. मामा होता. पुस्तकाला त्याने वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं, शाळेतल्यासारखं. तो आत आला आणि खुर्ची रिकामी असताना एका गठ्ठ्यावर बसला.

"तिथे नको, कोपरे दबतील," मी सवयीने म्हटलं. तो उठून खुर्चीवर बसला.

"वाचलंस का रे?"

"दोनदा."

"मग चौमामडे भेटला असेल."

तो हसला नाही. मला वाटलं, रागावलाय. रागवायचा हक्कच होता त्याला. मी माफी मागायला तोंड उघडणार इतक्यात तो म्हणाला, "एकशे सतराव्या पानावर एक चूक आहे."

"एकच? बारक्याला शंभरावर सापडल्यात."

"छपाईची नाही." त्याने पान काढलं. खूण घालायची गरज पडली नाही, पुस्तक तिथेच उघडलं. "इथे तू लिहिलंयस, दवाखान्यात मामाने नाक पुसायला खिशातून रुमाल काढला, तर रुमालाबरोबर दोन स्क्रू हाताला लागले. आणि त्याने ते खिडकीतून टाकून दिले."

"हो."

"खिडकीतून नाही. दवाखान्याच्या त्या बोळात खिडकी नव्हती. बेसिनमध्ये टाकले. एक खाली गेला, दुसरा जाळीत अडकला. तो मी काडीने ढकलला."

हात कसा सवयीचा गुलाम असतो ते सांगते. मी पेन उचललं होतं. कुणी चूक सांगितली की समासात दुरुस्ती करायची, अकरा वर्षं हेच. 'खिडकीतून' या शब्दावर मी रेघ मारली आणि बाजूला 'बेसि' एवढं लिहिलं. मग पेन थांबलं. मला आधी माझाच हात दिसला, मग त्याचा, गुडघ्यावर ठेवलेला.

"कधी कळलं तुला?" तो विचारत होता. "स्क्रूंचं तर मी जिवंत माणसाला सांगितलं नाही. रुमालाचंही कळलं? आणि वर ती अर्पणपत्रिका. आधी शाबासकी, मग थोबाडीत. तुझा राग असाच असतो, माहितीय मला. पण मला बोलावून तोंडावर सांगायचं होतंस, पोरी."

कादंबरीत ते दोन स्क्रू मी काकाच्या खिशात घातले होते ते केवळ कुठेतरी जायला हवेत म्हणून. जो कुणी जाळी काढेल तो स्क्रू खिशातच टाकेल, दुसरं काय करणार? रुमाल असाच, हात खिशात जायला निमित्त लागतं म्हणून. मला वाटलं होतं, हे मी रचलं.

"मामा," मी म्हटलं, "मला काही माहीत नव्हतं. तिथे काका होता. आईने काढायला लावला म्हणून मी फक्त शब्द बदलला. दोन अक्षरांना दोन अक्षरं. नाहीतर फॉर्म वाढला असता."

"काय वाढला असता?"

"फॉर्म. तेरावा."

त्याचे ओठ हलले, बहुतेक 'तेरावा' असंच म्हणाला असेल. मग पुस्तकाकडे बघत अगदी साध्या आवाजात म्हणाला, "म्हणजे मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं."

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. आणि त्याच क्षणी उठून त्याला पाणी आणून द्यावंसं वाटलं. मी दोन्ही केलं नाही. मी विचारलं, "कसं झालं?"

त्याने सांगितलं. सव्वीस वर्षांचा होता, तिथे सगळे त्याला हमाली सांगत, मशीनला हात लावू देत नसत. काका जेवायला गेला तेव्हा त्याला वाटलं, एक गठ्ठा आपण कापून दाखवू, भावोजी खूश होतील. गठ्ठा जाडजूड, जाळीखालून जाईना. त्याने जाळी काढली, स्क्रू खिशात टाकले, मशीन चालू केलं. तेवढ्यात बाहेर माल न्यायला टेम्पो आला, चालक हाका मारायला लागला. तो गेला. पाच मिनिटं गेली असतील, तो म्हणाला, पाचच.

"मी सांगणार होतो," तो म्हणाला. "दवाखान्यातच होतो, तिसऱ्या दिवशी तिथे कळलं, भावोजींनी काकाला जा म्हणून सांगितलं. मला दोन दिवस उशीर झाला. मग वाटलं, आता बारक्याला माझी गरज आहे, तो जरा लिहायला लागला की सांगू. तो लिहायला लागला. पहिल्यांदा त्याने कागदावर काय लिहिलं ठाऊक आहे? 'मामा'. मग कुठून सांगू?"

मी सगळ्या जन्माचा हिशेब उलटा लावत बसले. एकोणीस दिवस. नाकारलेली बढती. रोज संध्याकाळी टेबलापाशी शेजारी शेजारी दोन डावे हात. हे सगळं प्रेम होतं असं मी जगाला छापून सांगितलं होतं. ते प्रेम नव्हतं असं आत्ताही मला म्हणता येत नव्हतं, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग येत होता.

"बारक्या शुद्धिपत्र करतोय म्हणे," तो चाचरत म्हणाला. "एक ओळ टाकता येईल त्यात. 'मामा'च्या जागी 'काका' वाचावे. जसं तू मुळात लिहिलं होतंस तसंच. खोटं काही नाही त्यात. तुझ्या आईलाही... माझी बहीण आहे ती, तिला हे सोसायचं नाही. मी माझ्यासाठी नाही म्हणत."

"तुझ्यासाठीच म्हणतोयस."

त्याने मान खाली घातली. "हो," तो म्हणाला. "माझ्यासाठीच म्हणतोय."

आणि बारक्या आला. दार उघडंच होतं. हातात कागद, तोंडभर हसू. "अरे वा, खलनायक आधीच हजर! मामा, कोर्टात खेच हिला, मी साक्ष देतो." त्याने मामाच्या पाठीवर जोरात थाप मारली आणि कागद माझ्यापुढे नाचवला. त्याचं ते सुबक, डावीकडे कललेलं अक्षर. "ऐक. पान अकरा, 'चौमामडे'ऐवजी 'चौकाकडे'. पान चौदा, 'मामणभर'ऐवजी 'काकणभर'. एकशे सात चुका आहेत, अनुस्वारबाई. आणि शेवटी मी माझ्या अकलेने एक ओळ घातलीय : 'कादंबरीत सर्वत्र मामाऐवजी काका असे वाचावे.' आईला काय म्हणायचं ते म्हणू दे. ज्याने केलं त्याचं नाव लागू दे. लोकांनी उगाच आमच्या मामाकडे बोट दाखवलेलं मला चालणार नाही. मला तर दाखवायलाही एकच बोट आहे या हाताला, तेही अंगठा."

हा त्याचा नेहमीचा विनोद. नेहमी मामा यावर सगळ्यात आधी हसतो.

मी कागद घेतला. त्या शेवटच्या ओळीवर माझी नजर खिळली. एवढं एक वाक्य राहू दिलं की सगळं जागच्या जागी. बारक्याला त्याचा मामा राहील, आईला तिचा भाऊ. दूरच्या शहरातल्या एका म्हाताऱ्या माणसाला काही नवं सोसावं लागणार नाही, जुनंच सोसायचं, त्याची त्याला बावीस वर्षांची सवय झालीय. मला हे सगळं पटत होतं, आणि पटतंय याची मला लाज वाटत होती.

"ही ओळ काढ," मी म्हटलं.

"का?"

मामाने माझ्याकडे बघितलं. मग खुर्चीच्या हातांना धरून उठला आणि बारक्यासमोर उभा राहिला.

"कारण ती चूक नाही," तो म्हणाला. "जाळी मी काढली होती."

बारक्या आधी हसला. मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्याचं हसू हळूहळू उतरलं. तो गठ्ठ्यावर बसला. कोपरे दबले, मी काही म्हटलं नाही. बराच वेळ तो आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. तो हात त्याने कधी कुणापासून लपवला नव्हता. आता तो त्याने शर्टाखाली घातला.

"बाबा गेले तेव्हा काका आला होता," तो म्हणाला. बोलत होता मामाशी, पण बघत होता जमिनीकडे. "फाटकाशी उभा होता. फक्त बघून जातो म्हणाला. मी त्याला आत येऊ दिलं नाही. सगळ्यांसमोर हा हात त्याच्या तोंडासमोर धरला मी. आणि तू कुठे होतास?"

"तिथेच," मामा म्हणाला.

"तिथेच नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होतास."

मामाने नाही म्हटलं नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता. बारक्या ओरडेल, काही फेकेल, निघून जाईल, असं मला वाटत होतं. त्याने फोन काढला.

"काकाचा नंबर कुणाकडे आहे?"

माझ्याकडे नव्हता. आईकडे नाही हे मला ठाऊक होतं. बावीस वर्षांत आमच्या घरात कुणीच तो लिहून घेतला नव्हता.

"लिहून घे," मामा म्हणाला.

त्याने खिशात हात घातला नाही, कशात बघितलं नाही. एकेक आकडा न अडखळता सांगत गेला. बारक्याचा डावा अंगठा आकडे दाबत होता आणि मध्येच थांबला. "पाठ आहे तुला?"

"दर वर्षी त्या तारखेला लावतो. तो 'हॅलो' म्हणतो, 'कोण बोलतंय' म्हणून विचारतो. मी ठेवून देतो."

बारक्याने उरलेले आकडे दाबले, आवाज मोठा केला आणि फोन मामाच्या हातात कोंबला.

"या वेळी ठेवायचा नाही," तो म्हणाला.

पलीकडे घंटी वाजत राहिली. मामाने फोन दोन्ही हातांनी धरला होता. मग कुणीतरी उचलला.

"हॅलो?" काकाचा आवाज आला, म्हातारा झालेला, पण त्याचाच. "कोण बोलतंय?"